घाटाला माणसं जड नाहीत, मोटारी जड आहेत

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी असते. पाऊस असतो, धुकं असतं, वाट चिखलाची असते आणि तरीही प्रचंड गर्दी आदल्या रात्रीपासून डोंगराला वळसा घालत चालत असते. त्या काळात नाशिककडून येणाऱ्या खासगी गाड्या त्र्यंबकच्या बऱ्याच अलीकडे, खंबाळ्याला अडवतात आणि पुढचा प्रवास एसटीच्या जादा गाड्यांनी करावा लागतो. नवरात्रात सप्तशृंगगडावर हाच नियम. नांदुरीच्या पायथ्याला आपली गाडी लावायची आणि घाट एसटीने चढायचा. या बंदोबस्ताबद्दल कुरकुर होते, रांगेत धक्काबुक्की होते, पण ‘माझी मोटार थेट गाभाऱ्यापर्यंत गेलीच पाहिजे’ असा आग्रह कुणी धरत नाही. आता जुलैमधला कुठलाही रविवार घ्या आणि भुशी धरणाचा रस्ता, ताम्हिणी किंवा माळशेज डोळ्यांपुढे आणा. सह्याद्री तोच आणि पाऊसही तोच. माणसंही बरीचशी तीच. फरक एवढाच, की इथे प्रत्येकाची गाडी धबधब्याचे तुषार काचेवर पडतील इतक्या जवळ पोचायला हवी असते आणि प्रशासनानेही तो हक्क मान्य केल्यासारखा असतो. पावसाळी पर्यटनाचं जे काही बिघडलं आहे त्याचं मूळ या फरकात आहे, असं माझं म्हणणं आहे. डोंगरांना माणसांची गर्दी बऱ्यापैकी पेलते. तिच्यासोबत येणाऱ्या मोटारी पेलत नाहीत. तेव्हा मोजायच्या असतील तर आधी गाड्या मोजाव्यात, आणि अडवायच्या असतील तर त्याच अडवाव्यात.

एवढी गर्दी एकाच वेळी, एकाच पट्ट्यात का होते हे आधी पाहू, कारण लोकांच्या उथळपणाला बोल लावून हा प्रश्न निकालात काढायची आपल्याला सवय आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पभरले वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि ओझं तिथेच उतरवतात. भिंत ओलांडून पलीकडे गेलेला वारा बराचसा रिकामा झालेला असतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी आणि पुण्यात सातशे-साडेसातशे मिलिमीटर. शाळेच्या भूगोलातलं हे पर्जन्यछायेचं गणितच पुणेकरांच्या रविवारचं वेळापत्रक ठरवतं. घरी पावसाची नुसती भुरभुर, आणि तास-दीड तास पश्चिमेला गेलं की धबाबा कोसळणारे कडे. कोकणातून किंवा मुंबईकडून येणाऱ्याला तोच पट्टा उलट दिशेने जवळ पडतो. म्हणजे दोन महानगरांच्या मध्ये उभी असलेली, काही मैल रुंदीची ही ओली चिंचोळी पट्टी. तिच्यात शिरायला बोरघाट, माळशेज, ताम्हिणी, वरंध, आंबेनळी अशा मोजक्या वाटा. आणि ऐन बहराचे शनिवार-रविवार जुलै-ऑगस्ट मिळून आठ-नऊ. माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत पाच दिवसांचा आठवडा होताच, २०२० च्या फेब्रुवारीअखेरीपासून राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनाही तो मिळाला. गर्दी होण्यासाठी आणखी काय हवं? पाऊस पाहावासा वाटणं हा काही गुन्हा नाही. उलट, ज्या समाजाला आपल्या डोंगरांकडे जावंसं वाटत नाही त्याची काळजी अधिक करायला हवी.

अडचण वाटांची आहे. घाट हे मुळात उतरून जाण्यासाठी बांधलेले रस्ते. नाणेघाट सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांना जुन्नरशी जोडत होता. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत खुला झाला तो व्यापार आणि लष्कराच्या सोयीसाठी, आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर चढली ती दख्खनचा माल मुंबईला नेण्यासाठी. बैल असो की बारा चाकी ट्रक, घाटात थांबायचं नाही, हा चालकांचा जुना दंडक आहे. कडा फोडून एवढीच जागा काढलेली असते की येणारा-जाणारा एकमेकांना घासून पार व्हावा. पावसाळी पर्यटनाने या रस्त्याचं काम उलटं केलं. तिथे आता लोक जातात ते थांबण्यासाठी. चालत्या वाहतुकीसाठी केलेल्या जागेचं वाहनतळ झालं की काय होतं, याचं उत्तर साध्या बेरीज-गुणाकारातून मिळतं.

समजा, एका घाटात सकाळभरात एक हजार मोटारी आल्या. सुट्टीच्या दिवशी हा आकडा मुळीच मोठा नाही. एक मोटार चार मीटर लांब धरा आणि मुंगीच्या पावलांनी सरकतानाही पुढे-मागे मिळून दोन मीटर सोडा. एकामागे एक उभ्या केल्या तर सहा किलोमीटरची रांग झाली. प्रत्येक गाडीत चौघे धरले तर माणसं झाली चार हजार. हेच चार हजार लोक चाळीस आसनांच्या बसमधून नेले तर शंभर फेऱ्या लागतात, आणि एका बसने दिवसभरात चार फेऱ्या केल्या तर पंचवीस बस पुरतात. पंचवीस बस एकाच वेळी घाटात उभ्या राहिल्या तरी रांग अर्ध्या किलोमीटरची होणार नाही. मग या हजार गाड्या उभ्या कुठे करायच्या? एका मोटारीला नुसती टेकायला बारा चौरस मीटर जागा लागते, आत-बाहेर करायची सोय धरली तर दुप्पट. म्हणजे सहा एकर सपाट जमीन हवी. घाटमाथ्याच्या ज्या गावात भाताची खाचरंही उतारावर पायऱ्या करून काढलेली असतात, तिथे सहा एकर सपाटी कुठून आणणार? मग गाडी साइडपट्टीवर चढते. दोन गाड्यांच्या रस्त्याचा एका गाडीचा रस्ता होतो, समोरून येणारी एसटी अडते, तिच्यामागे दुधाचा टेम्पो अडतो. ताम्हिणीच्या एखाद्या वाडीतून पौडला किंवा माणगावला दवाखान्यात निघालेलं बाळंतपण त्याच रांगेत अडकतं. पर्यटकाच्या दृष्टीने हा दोन तासांचा मनस्ताप असतो. घाटात राहणाऱ्यांचा मात्र तो एकमेव रस्ता असतो आणि पावसाळ्यातले सगळे शनिवार-रविवार तो त्यांच्यासाठी बंद असल्यासारखाच असतो.

साइडपट्टीवर चढलेल्या चाकाची गोष्ट इथे संपत नाही. घाटरस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला गटार असतं. कड्यावरून उतरणारं पाणी त्यातून वाहत मोरीपर्यंत जातं आणि मोरीतून रस्त्याखालून दरीत पडतं. पावसाळ्यात रस्ता टिकतो तो या गटारांच्या जिवावर. त्यांच्या काठावर दिवसभर शेकडो गाड्या चढ-उतर करू लागल्या की काठ ढासळतो, माती आत पडते, वर चिप्सच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या मोरीच्या तोंडाशी अडकतात. मग पाणी गटार सोडून डांबरावर येतं, खडीच्या थरात मुरतं, दरीकडचा भराव भिजतो आणि एका रात्री रस्त्याचा तुकडा खचतो. वर्तमानपत्रात बातमी येते, ‘अतिवृष्टीने घाटरस्ता खचला’. अतिवृष्टी तर होतेच. महाबळेश्वरने २०२१ च्या जुलैमध्ये एका दिवसात जवळपास सहाशे मिलिमीटर पाऊस पाहिला आहे. पण त्या पाण्याला ठरलेल्या वाटेने जाऊ न देणं ही आपली करणी असते. याहून मोठी जोखीम लोक ज्या जागा थांबायला निवडतात तिथे आहे. रस्त्यावर धबधबा कोसळतो तो डोंगर उभा कापलेला असतो तिथेच, आणि दरडीही तिथूनच सुटतात. बेसॉल्टच्या भेगांत पाणी शिरतं, मधले मऊ थर भिजून सैल होतात, वरचा दगड आधार सोडतो. माळशेजमध्ये जिथे धबधब्याखाली भिजायला गाड्यांची रीघ लागते ती जागा सुंदर असते आणि तितकीच धोक्याची. चालता माणूस तिथून दोन मिनिटांत पुढे जातो. अडकलेली मोटार अर्धा तास त्याच कड्याखाली उभी राहते.

यावर प्रशासनाचा ठरलेला उपाय म्हणजे बंदी. ३० जून २०२४ च्या रविवारी भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वरच्या पाणलोटात जोराचा पाऊस झाला की खाली पाणी काही मिनिटांत चढतं. खाली उभ्या असलेल्याला वरचा पाऊस दिसतही नाही. ती दृश्यं सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या धबधब्यांवर, धरणांवर, घाटांमध्ये प्रतिबंधात्मक आदेश निघाले आणि आता ते दर पावसाळ्यात निघतात. तात्काळ उपाय म्हणून असे आदेश समजू शकतो. पण बंदीच्या कागदाला धबधब्याशी उभं राहता येत नाही, पोलिसालाच उभं राहावं लागतं, आणि तोवर पर्यटक साठ-सत्तर किलोमीटर गाडी चालवून तिथे आलेला असतो. पेट्रोल जाळून झालेलं, मुलं मागे कंटाळलेली. तो परत फिरत नाही, दुसरी जागा शोधतो. ही दुसरी जागा बहुधा अशी असते जिथे कठडा नाही, फलक नाही, जीवरक्षक नाही, मोबाइलची रेंज नाही. लोणावळा तुंबलं की लोक देवकुंडाकडे वळतात, ते बंद झालं की मोबाइलवर काल पाहिलेल्या एखाद्या अनाम धबधब्याकडे. माणगावजवळच्या कुंभे धबधब्याचं नाव २०२४ च्या जुलैपर्यंत किती जणांना ठाऊक होतं? तिथे चित्रफीत करताना एक तरुणी खोल दरीत कोसळून मरण पावली तेव्हा ते सगळीकडे झालं. बंदीने गर्दी आटत नाही, ती अनोळखी कड्यांवर पांगते. ज्या ठिकाणी गर्दीची सवय आहे, बंदोबस्त करता येतो, तिथे ती सांभाळणं अधिक शहाणपणाचं.

सांभाळता येते का? महाराष्ट्रातच त्याची उदाहरणं आहेत. साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं आणि फुलांच्या हंगामात तिथे मोटारींचा पूर आला. वन विभाग आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी मिळून दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घातली, आधी नोंदणी आणि शुल्क ठेवलं, गाड्या पठाराच्या अलीकडे थांबवून पुढे बसने न्यायला सुरुवात केली. कासवर गर्दी होत नाही असं नाही. मर्यादा मोडल्याच्या तक्रारी दरवर्षी होतात. पण ती तक्रार करता येते, कारण मर्यादा ठरलेली आहे. ताम्हिणीत मोडायलाही मर्यादा नाही. भंडारदरा परिसरात वळवाच्या पावसाबरोबर काजवे चमकू लागतात तेव्हा मोटारींची आणखी एक बाजू उघड होते. काजव्यांचा सगळा व्यवहार अंधारातल्या प्रकाशखुणांवर चालतो, आणि हेडलाइटच्या झोतात त्या खुणा पुसल्या जातात. म्हणून तिथे वन विभागाला वाहनांच्या वेळांवर आणि दिव्यांवर निर्बंध घालावे लागतात. जे पाहायला गेलो तेच आपल्या गाडीने नाहीसं करण्याचं याहून ठळक उदाहरण सापडणार नाही.

महाराष्ट्राबाहेरचं एक उदाहरण इथे फार उपयोगी आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला जाणाऱ्या गाड्यांना ई-पास सक्तीचा झाला. आधी फक्त मोजदाद झाली. मग २०२५ च्या उन्हाळी हंगामासाठी न्यायालयाने आकडे ठरवले: निलगिरी जिल्ह्यात रोज सहा हजार आणि शनिवार-रविवारी आठ हजार गाड्या, कोडाईकनालला चार हजार आणि सहा हजार. स्थानिकांच्या गाड्या आणि सरकारी बस यातून वगळल्या. न्यायालयाने मर्यादा माणसांवर घातली नाही, गाड्यांवर घातली, ही यातली महत्त्वाची गोष्ट. बसने या, हवे तितके या. व्यापाऱ्यांनी विरोध केला, आंदोलनं झाली, पण तत्त्व मान्य झालं की डोंगराच्या रस्त्याला क्षमता असते आणि ती आकड्यात सांगता येते. आपल्याकडे माथेरान तर शतकाहून अधिक काळ मोटारींविना नांदलं आहे. दस्तुरी नाक्याला गाडी लावायची आणि पुढे पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून छोट्या गाडीने जायचं. रविवारी तिथेही मुंगीला वाट मिळत नाही, पण लाल मातीच्या रस्त्यावर कोंडी होते ती माणसांची, आणि माणसांची कोंडी बाजूला सरकून सुटते. माथेरानचं कौतुक करताना एक काळी बाजू मात्र सांगायलाच हवी. मोटारी नाकारल्या तिथे माणसांनी माणसं ओढली. हातरिक्षांची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२५ च्या ऑगस्टमध्ये बजावावं लागलं. मोटारबंदी करताना तिच्या जागी काय येणार हे आधी ठरवलं नाही की त्याचा भार सर्वांत गरिबाच्या खांद्यावर पडतो.

आता माझ्या विरोधात जाणारा सर्वांत सबळ पुरावा मांडतो. २०२२ च्या मे महिन्यात सिंहगडावर खासगी गाड्या बंद करून पायथ्यापासून इलेक्ट्रिक बस सुरू केल्या होत्या. कल्पना नेमकी हीच. काही दिवसांतच प्रयोग गुंडाळावा लागला आणि गाड्या पुन्हा गडावर जाऊ लागल्या. ‘आपल्याकडे हे चालत नाही’ असं म्हणणाऱ्यांना आयतं उदाहरण मिळालं. पण तो का फसला ते पाहा. गडावर जाणाऱ्यांच्या मानाने बस तोकड्या होत्या, चार्जिंगची सोय अपुरी होती, आणि सुट्टीच्या दिवशी वर चढायला आणि त्याहून अधिक खाली उतरायला लोक ताटकळत राहिले. तरीही गाड्यांवरची बंदी मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण होती. क्रम चुकला. आधी बस पुरेशा, मग बंदी, हा क्रम नांदुरीला वर्षानुवर्षं पाळला जातो म्हणून तिथे जमतं. नवरात्रासाठी वेगवेगळ्या आगारांतून गाड्या मागवल्या जातात, फेऱ्या ठरतात आणि मगच घाटाच्या तोंडाशी दोरी लागते. सिंहगडाच्या अनुभवातून निघतो तो निष्कर्ष एवढाच, की अर्ध्या तयारीने केलेली मोटारबंदी मोटारींपेक्षा वाईट. कल्पनेवर तो निकाल होत नाही.

दुसरा आक्षेप स्थानिकांच्या पोटाचा, आणि तो गंभीर आहे. भाजलेली कणसं, भजी, चहा, मॅगी यांवर घाटातल्या कितीतरी घरांचा पावसाळा निघतो, आपल्या शेतात गाड्या लावू देऊन चार पैसे मिळतात. गाड्या अडवल्या तर यांचं काय? पण आज हा धंदा कुणाच्या हातात आहे ते पाहिलं पाहिजे. कोंडीत अडकलेली मोटार काहीही विकत घेत नाही. तिला फक्त पुढे सरकायचं असतं. खाद्यपदार्थांनी भरलेली डिकी घेऊन आलेलं कुटुंब गावाला देऊन जातं ते कचऱ्याच्या पिशव्या. बसने आलेला माणूस रिकाम्या हाताने येतो, ठरलेल्या थांब्यावर उतरतो, परतीच्या बसची वाट पाहत तिथेच खातो-पितो. थांबा गावात ठेवला तर धंदा गावात राहतो. वाहनतळ पायथ्याच्या ग्रामपंचायतीकडे दिला तर त्याचं शुल्क पंचायतीला मिळतं. सिंहगडावर गाड्यांकडून वन समिती घेते त्याला सरकारी भाषेत ‘उपद्रव शुल्क’ म्हणतात, आणि हे नाव मला तरी फार प्रामाणिक वाटतं. घाट वापरणाऱ्याने पैसे मोजावेत यात नवं काही नाही. नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात व्यापाऱ्यांकडून जकात जमा होई असं परंपरेने सांगतात.

तिसरा आक्षेप माझ्याच वाक्यावर येईल. माणसं जड नसतात हे खरं का? १५ जून २०२५ ला, तोही रविवारच, मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला. चार जणांचा जीव गेला, पन्नासच्या आसपास लोक जखमी झाले. इथे भार माणसांचाच होता, हे मान्य. म्हणूनच माणसंही मोजावी लागतील, आणि ती मोजायचं सर्वांत सोपं साधन बसचं तिकीट आहे. खासगी मोटारींनी आलेल्या गर्दीचा हिशेब कुणालाच ठाऊक नसतो. धोक्याच्या जागी या क्षणी दोनशे माणसं आहेत की दोन हजार, हे तिथल्या हवालदारालाही सांगता येत नाही. बसने किती वर गेले आणि किती उतरले याचा आकडा कंडक्टरच्या मशीनमध्ये असतो. वरच्या धरणातून पाणी सुटलं किंवा हवामान खात्याने लाल इशारा दिला तर पायथ्याशी फेऱ्या थांबवता येतात आणि वर असलेल्यांना त्याच बसमधून उतरवता येतं. आज तोच इशारा आला तर हजार गाड्या एकाच वेळी वळू पाहतात आणि सगळ्याच अडकून पडतात. हुल्लडबाजीचं उत्तरही काही अंशी इथेच आहे. मोटार ही चार चाकांवरची खासगी खोली असते. तिच्या डिकीत बाटल्या मावतात आणि दारं उघडून लावायचे स्पीकरही. तो सगळा संसार एसटीत चढवणं अवघड जातं.

उरतो तो स्वातंत्र्याचा आक्षेप. घरात म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत, हवं तेव्हा निघायचं आहे. बसच्या वेळापत्रकाला का बांधून घ्यायचं? वृद्ध आणि अपंग यांच्यासाठी, तसंच त्या भागातल्या रहिवाशांसाठी सवलत हवीच, निलगिरीत स्थानिकांना ती आहे. पण कोंडीत तीन तास बसून खिडकीतून पुढच्या गाडीची नंबरप्लेट पाहणं याला स्वातंत्र्य म्हणायचं असेल तर भाग वेगळा. शिवाय हे स्वातंत्र्य कुणाचं, हेही विचारायला हवं. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना आज पावसाळ्यातला सह्याद्री जवळपास बंद आहे. भोसरीतल्या कामगाराला किंवा कल्याणच्या चाळीतल्या कुटुंबाला माळशेजचा धबधबा पाहायचा तर भाड्याची जीप करावी लागते, नाहीतर तिघांनी एका दुचाकीवर बसून ओल्या घाटात जीव धोक्यात घालावा लागतो. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास. म्हणजे म्हाताऱ्या आजीला डोंगर दाखवायचा असेल तर बस हाच तिला परवडणारा आणि सुरक्षित मार्ग आहे, फक्त पर्यटकाला तिथे नेऊन परत आणणारी सोयीची बस नाही.

आणि ही उणीव फार मोठी नाही. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते, मुंबईकडून कर्जत आणि कसाऱ्याच्या लोकल डोंगराच्या पायथ्यापर्यंत येतात. तुटलेला आहे तो शेवटचा पाच-दहा किलोमीटरचा धागा: स्थानकापासून धबधब्यापर्यंतचा. त्यासाठी बस कुठून आणायच्या, हा प्रश्न एसटीकडे बोट दाखवून विचारला जातो, आणि एसटीकडे आधीच गाड्यांची ओढाताण आहे हे खरंच आहे. पण नेमक्या शनिवार-रविवारी दोन्ही महानगरांतल्या शाळांच्या आणि कंपन्यांच्या बस रांगेने उभ्या असतात. आठ-नऊ आठवड्यांसाठी त्या भाड्याने घेण्यात परवान्यांची कटकट असेल, पण कल्पनाशक्तीपलीकडचं काही नाही. गरज आहे ती जिल्हाधिकारी, परिवहन खातं, वन विभाग आणि ग्रामपंचायती यांनी जूनमध्ये बंदीचा आदेश छापण्याऐवजी एप्रिलमध्ये एकत्र बसून फेऱ्यांचं वेळापत्रक छापण्याची. सगळे घाट एका वर्षात करू नयेत, सिंहगडासारखं हसं होईल. लोणावळा रेल्वे स्थानकापासून भुशी धरण जेमतेम सहा किलोमीटरवर आहे, स्थानकाला दोन्ही बाजूंनी गाड्या येतात, पोलीस बंदोबस्त तसाही लागतोच. तो एक रस्ता पुढच्या जुलैतल्या चार रविवारी खासगी मोटारींना बंद करून, आधी पुरेशा बस लावून, चालवून पाहावा. आणि तोवर वाचकांनी एवढं करावं: भुशीला जायचंच असेल तर मोटार घरी ठेवावी, सकाळची लोकल पकडावी आणि लोणावळ्याला उतरून चालत निघावं.